उन्हात मध्येच मुका होणारा सेट: ड्राय सोल्डर कसं पकडायचं

परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला हॅम (हौशी रेडिओ) सेट सकाळी ७ मेगाहर्ट्‌झवर खणखणीत बोलतो आणि दुपारी मध्येच मुका होतो. टपली मारली की पुन्हा चालू! नव्वद टक्के हा ड्राय सोल्डरचाच, म्हणजे पिनेला नीट न चिकटलेल्या सोल्डरचाच खेळ असतो, असं मी समजतो. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते. तसल्या वेळी सेट दगा देऊन चालत नाही, म्हणून टपलीवर भागवू नका.

आणि कृपा करून सरसकट सगळे जॉइंट तापवत सुटू नका. बिघाड जिवंत आहे तोवरच तो सापडतो.

आधी अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावा. ट्रान्समिट करताना पॉवर आता स्थिर राहत असेल, तर सेट सोडा आणि कोॲक्सचा, म्हणजे अँटेनाच्या केबलचा पीएल-२५९ कनेक्टर बघा. त्याची जाळी नीट सोल्डर झालेली नसते, कारण २५ वॅटच्या आयर्नने एवढी जाड बॉडी तापतच नाही.

दोष आतच असेल तर सेट फक्त रिसीव्हवर ठेवा, एखादं स्थिर स्टेशन लावा आणि बांबूच्या काडीने हलकेच टोकरा. टोकरल्याने अख्खा बोर्ड हादरतो, त्यामुळे दोष बोर्डाच्या कोणत्या बाजूला आहे एवढंच कळतं. पुढे एकेक पार्ट काडीने दाबून बघा. काडीने दाद दिली नाही तर कागदाच्या नळकांड्यातून हेअर ड्रायरची हवा एकाच जागी सोडा. रिले, कनेक्टर, हीटसिंकवरचे पार्ट, म्हणजे जड आणि तापणारे, आधी घ्या. पॉवर काढून टॉर्च तिरपी धरा आणि भिंगातून बघा: पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसते.

हाताने बनवलेल्या सेटमध्ये माझा पहिला संशय टोरॉइडवर, म्हणजे गोल कड्यावर तार गुंडाळलेल्या कॉइलवर. जिंतूरच्या एका मित्राच्या बिटएक्समध्ये (घरी बांधायचा हॅम सेट) जॉइंट आरशासारखा चमकत होता. पण तारेचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा थर) खरवडलेलंच नव्हतं. सोल्डर तिला नुसतं वेढून बसलं होतं. मीटरची बीप लावून तार हलवली, बीप तुटली.

दुरुस्तीला जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) उचला, फ्लक्स लावा, नवीन ६०/४० (कथील-शिसे) सोल्डर भरा. पिन आणि पॅड दोन्ही एकदम तापवा, सोल्डर आयर्नच्या टोकावर नाही, जॉइंटवर द्या. गोठेपर्यंत हलवू नका, फुंकर तर मुळीच नको. मग तोच ड्रायर, तीच काडी पुन्हा चालवा. आवाज तुटला नाही तरच झाकण लावा, आणि लावण्याआधी बोर्डाचे स्क्रू आवळा. बऱ्याच सेटमध्ये ग्राउंड त्यांच्यातूनच जातो.