‘यमुनापर्यटन’ वाचायला दोन पेन्सिली घ्या

बाबा पदमनजी आमच्या बेळगावचेच, जन्म १८३१. त्यांची ही कादंबरी १८५७ची, तेव्हा भाषेला जरा दमानं घ्या. शहापुरात आम्ही पाचजणी शनिवारी ती मोठ्यानं वाचतो.

लाल पेन्सिल विधवांसाठी. यमुना आणि तिचा नवरा विनायक यांच्या प्रवासात विधवांच्या एकेक कहाण्या येतात. ‘बिचारी’ म्हणून पान उलटू नका. केशवपन कोण ठरवतं, तोंडावर कोण बोलतं, गप्प कोण बसतं, समासात लिहा. मी तिथंच अडकले. माझ्या पणजीचा फोटो ट्रंकेत आहे. आलवणाचा, म्हणजे विधवेच्या लुगड्याचा, पदर पार कपाळापर्यंत ओढलेला, हात मांडीखाली लपवलेले.

निळी पेन्सिल लेखकासाठी, आणि ही अवघड. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. कादंबरीत विधवा झालेली यमुनाही ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवेची बाजू घेणारा हा माणूस जुन्या धर्माविषयी बोलताना कुठं एकतर्फी होतो, तिथं रेघ मारा. आमच्यात यावरून इतकं वाजलं की ताटलीतला कुंदा तसाच राहिला. रेघ मात्र कुणाला खोडू दिली नाही.