नळ उघडा, तरी कंट्रोलर ‘डेड एंड’ दाखवतोय? आधी पाणी तपासा

ब्रिटनमध्ये व्हॅनमधल्या टाकीवर, १२ व्होल्टच्या पंपावर पोल (ब्रशपर्यंत पाणी नेणारी लांब काठी) लावून खिडक्या धुणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. ब्रशचं पाणी थांबतं, पंपाचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर ‘डेड एंड’ (पुढे वाट बंद) उमटतं आणि हात सरळ कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कंट्रोलरची संवेदनशीलता जुळवायच्या बटणाकडे जातो. तिथेच घोळ सुरू होतो.

कंट्रोलरला पाणी दिसत नाही. पंप किती करंट ओढतोय, एवढंच त्याला कळतं. पोलवरचा नळ बंद केला की पंपावर ताण येतो, करंट वाढतो आणि पुढची वाट बंद आहे असं धरून तो पंप थांबवतो. होजला पीळ पडला किंवा ब्रशमधले जेट (पाणी फवारणारी बारीक तोंडं) तुंबले, तरी त्याला अगदी तेच दिसतं.

म्हणून होजचा पोलकडचा जोड सोडा आणि उघड्या टोकातून पाणी सोडून बघा. धार नीट आली तर दोष पोलमध्ये किंवा ब्रशमध्ये आहे: जेट काढून उजेडाकडे धरा, भोकात पांढरा कण किंवा रबराचा तुकडा अडकलेला दिसेल. तो टाचणीने खरवडू नका, भोक मोठं होतं; उलट्या बाजूने पाणी मारा. धार तिथेही बारीक असेल तर रीळवरची होज पूर्ण उलगडा, मग पंपाच्या आधीची गाळणी उघडा. टाकीतला गाळ जाळीवर तपकिरी सायीसारखा बसतो, तो बोटाने निघतो. गाळणीची रबरी रिंग परत बसवताना वाकडी राहिली तर पंप हवा ओढतो आणि धार गचके देत येते.

आता वीज. पंप चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग कंट्रोलरच्या इनपुटवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर बारीक आहे, टर्मिनल गंजलंय किंवा फ्यूजची खोबणी सैल आहे. फ्यूज होल्डर हाताला गरम लागला तर तिथेच बघा. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. रात्रभर चार्ज करूनही पंप सुरू होताच ११ च्या खाली गेली तर बॅटरी संपलीय, कंट्रोलरला बोल लावू नका.

पंप टकटक करत सारखा चालू-बंद होत असेल, तर पंपाच्या डोक्यावरचा प्रेशर स्विच कंट्रोलरच्या आधीच सुटतोय. त्याचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एका वेळी पाव फेराच फिरवा.

एवढं झाल्यावरच कॅलिब्रेशन. रोजचा फ्लो लावा. ब्रशखाली बादली धरून मिनिटाला दीड ते दोन लिटर मिळालं तर खिडकीला पुरे. बहुतेक प्रचलित कंट्रोलरांत कॅलिब्रेशनचा आकडा वाढवला की संवेदनशीलता कमी होते, तरी आपल्या मॉडेलचं पत्रक बघा. नळ उघडा असताना खोटा ‘डेड एंड’ येणार नाही इतपत पाच-पाचने वाढवा. मग नळ बंद करा: काही सेकंदांत पंप थांबायलाच हवा. नाही थांबला तर आकडा थोडा उतरवा, नाहीतर एखाद्या दिवशी होजचा जोडच निसटेल. थंडीत होज कडक होते, त्यामुळे उन्हाळ्यातला आकडा जानेवारीत तसाच चालत नाही.

शेवटी, पंप फ्यूजसह थेट बॅटरीला जोडून बघा. तसा तो जोरात चालला आणि कंट्रोलरमधून नाही, तरच कंट्रोलर बदला.