ड्रॉइंगच्या सरांचं स्मरणचित्र कसं करायचं

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसलेल्यांना आठवत असेल, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांच्यासोबत स्मरणचित्राचाही, म्हणजे समोर न बघता आठवणीतून चित्र काढायचा पेपर असायचा. त्याला आमचे सर एकच सांगायचे, बाजार काढायचा तर पुस्तकातला नको, आपल्या गावचा सोमवारचा काढ, त्यात तुझी आजी कुठे बसते ते दिसू दे. सर गेल्यावर आम्ही जुन्या मुलामुलींनी मिळून त्यांची चित्रं आणि आठवणी गोळा केल्या, दोन वर्षं लागली आणि बऱ्याच गोष्टी फार उशिरा कळल्या. तुमच्याही शाळेत असे चित्रकार सर किंवा बाई असतील आणि त्यांच्यासाठी काहीतरी करायचं मनात असेल, तर आमचं काय चुकलं आणि काय जमलं ते सांगते.

आधी चित्रं. शोकसभा, भाषणं, स्मरणिका सगळं नंतर होतं, पण चित्रं थांबत नाहीत, एका पावसाळ्यात बुरशी धरते, घराचं रंगकाम निघालं की माळ्यावरचं भंगारात जातं. कोल्हापुरात अजून सांगतात की शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा त्यांचे दरबारी चित्रकार आबालाल रहमान यांनी त्या दुःखात आपली चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली. आणि त्याच कोल्हापुरात नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राहतं घर आणि चित्रं सरकारला दिली म्हणून आज राजारामपुरीत त्यांचं पावडर शेडिंग, म्हणजे रंगाच्या पुडीनं छटा देऊन काढलेली चित्रं, जाऊन बघता येतात. आमच्या सरांनी जिन्याच्या भिंतीवर शिवराज्याभिषेक काढला होता, शाळेच्या रंगकामात त्याच्यावर डिस्टेंपर मारला गेला, आणि त्याचा एकही नीट फोटो कुणाकडे नाही. एका मुलीच्या सातवीच्या ग्रुप फोटोत मागे एक हत्ती दिसतो, तेवढाच. म्हणून भिंतीवरचं काही शिल्लक असेल तर आजच जाऊन फोटो काढा.

शिक्षकाची चित्रं त्याच्या घरी कमी आणि दुसऱ्यांच्या घरी जास्त असतात हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं. लग्नात आहेर म्हणून दिलेलं निसर्गचित्र, डॉक्टरांच्या दवाखान्यात लावलेलं पोर्ट्रेट, गणपती मंडळाचे पडदे, स्नेहसंमेलनाचे बॅकड्रॉप, सहकाऱ्याच्या रिटायरमेंटला काढून दिलेलं त्याचं जुनं घर. गावातल्या फ्रेमवाल्याकडे जरूर जा, कुणाचं चित्र कुणाच्या घरी गेलं हे त्याला पाठ असतं. शाळेच्या शिपाईकाकांना भेटा, आमच्याकडे कपाटाच्या मागे उभे करून ठेवलेले चार बोर्ड त्यांनीच काढून दिले.

आणि तुमच्या स्वतःच्या जुन्या वह्या बघा, खरंच बघा. माझ्याकडे इंटरमिजिएटच्या प्रॅक्टिसची एक शीट आहे, तांब्या, दोन लिंबं आणि मागे पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. माझ्या तांब्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी टोकं आलेली आहेत, आणि समासात सरांनी मऊ पेन्सिलीनं हात न उचलता काढलेला लंबगोल आहे, तीनदा फिरवलेला, खाली बारीक अक्षरात "कोपरा नको, वळण". ती रेघ बघितली की त्यांचा हात दिसतो, मनगट न टेकवता खांद्यापासून फिरणारा. अशा दुरुस्त्या आम्हाला साठ-सत्तर मिळाल्या आणि त्या लावल्या तिथेच लोक सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. फळ्यावरचं सगळं पुसलं गेलं, पण समासातलं उरलंय.

आता फोटो. चित्र कुणाकडून घेऊन जाऊ नका, त्यांच्या घरीच फोटो काढा, लोक लगेच तयार होतात आणि चित्र हरवण्याची भीती राहत नाही. सकाळी व्हरांड्यात, थेट ऊन नसेल अशा ठिकाणी चित्र उभं करायचं, मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर धरायचा, स्क्रीनवरची ग्रिड चालू करायची म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत, फ्लॅश बंद. काचेत आपलंच तोंड दिसत असेल तर गडद कपडे घालून जा आणि मागे कुणाला तरी काळी चादर धरायला लावा. प्रत्येक चित्राचे तीन फोटो, पूर्ण चित्र, सही, आणि पाठ. पाठ विसरू नका! आमचे सर मागे तारीख, जागा आणि कधी कधी हवा सुद्धा लिहायचे, एकावर आहे "पंचगंगा घाट, स. ७, धुकं, घाईत". पण पाठ बघण्यासाठी जुनी फ्रेम घरी खोलत बसू नका, काचेला चिकटलेला रंग काचेबरोबर निघून येतो, ते काम जाणकार माणसाकडूनच.

हे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर साइज कमी होऊन येतात आणि छापायला उपयोग नाही. प्रत्येकाला नंबर द्या आणि एक साधी एक्सेल शीट ठेवा, नंबर, विषय, माध्यम, फ्रेम सोडून माप सेंटिमीटरमध्ये, मागचा मजकूर जसा आहे तसा, सध्या कुणाकडे. नावं स्वतःच्या मनानं देऊ नका, सरांनी नाव दिलं नसेल तर "शीर्षक नाही, नदी आणि म्हशी" असं लिहा. दोन वेगळ्या माणसांकडे कॉपी ठेवा, आमच्यातल्या एकाचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्या दुसऱ्या कॉपीनं वाचवलं.

चित्र सांभाळण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय ते म्हणजे लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमानंच करतात, पण उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही आणि वॉटर कलर कायमचा अडकतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेप नको, पिवळा डाग पडतो, आणि आधीची लावलेली असेल तर ओढू नका. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, उन्हातही ठेवायचं नाही कारण रंग उडतो. कोरड्या हवेशीर खोलीत बाकीच्या चित्रांपासून लांब सपाट ठेवा, आणि महत्त्वाचं चित्र असेल तर कन्झर्व्हेटरला, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. ऑइल पेस्टल असेल तर वर अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला बटर पेपर, घासू न देता. नवीन फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच आणि तो अॅसिड-फ्री मागा, थोडे पैसे जास्त जातात, पण साध्या पुठ्ठ्यानं काही वर्षांत कडा तपकिरी होतात. खिडकीसमोरची भिंत टाळा.

आठवणी गोळा करताना "सर कसे होते" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर येतं "फार प्रेमळ, शिस्तप्रिय, हाडाचे शिक्षक", आणि ते कुठल्याही शिक्षकाला चालतं. त्याऐवजी विचारा, वर्गात आल्यावर पहिलं काय करायचे, खिशात काय असायचं, तुमचं चित्र बिघडलं तेव्हा काय केलं, रागावले तर कसे रागवायचे. आमच्या एका मित्रानं सांगितलं की त्याच्याकडे रंगपेटी नव्हती तर सर रोज स्वतःच्या पॅलेटवरचा उरलेला रंग ओला करून त्याला द्यायचे आणि वर्गाला सांगायचे की हा आज माझा पॅलेट धुणार आहे, म्हणजे कुणाला काही कळू नये. तो पन्नाशीचा माणूस बोलता बोलता थांबला. असं ऐकताना मोबाईलचा रेकॉर्डर चालू असू दे, आधी विचारून, आणि लिहिताना त्यांच्याच बोलीत लिहा, छापील मराठी करू नका.

सगळ्यांच्या आठवणी जुळणार नाहीत, सर शाळेत कोणत्या साली लागले यावर आमच्यात तीन वेगवेगळी सालं निघाली. तेव्हा कागद बघायचे, घरच्यांकडे नेमणुकीचं पत्र किंवा सेवापुस्तकाची झेरॉक्स असते, शाळेत स्टाफचे ग्रुप फोटो आणि वार्षिक अंक असतात. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, कुठून केलं, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात होते का, हेही सर्टिफिकेट बघूनच लिहा, गावात अशा गोष्टी मोठ्या होऊन फिरतात आणि सरांना ते आवडलं नसतं.

घरच्यांशी पहिल्या दिवसापासून बोला. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, आम्ही आधी फक्त आमंत्रण द्यायला गेलो होतो, ते चुकलंच, त्यांच्या मनात काय आहे हे आधी ऐकायला हवं होतं. एक कायद्याची गोष्टही आहे, चित्र तुमच्या भिंतीवर असलं तरी त्याचा कॉपीराइट बहुतेक वेळा चित्रकाराचा आणि नंतर वारसांचा असतो, भारतात मृत्यूनंतरची ६० वर्षं. म्हणजे कॅलेंडर, पुस्तक, प्रिंट विकणं यासाठी घरच्यांची लेखी परवानगी घ्या, दोन ओळी पुरतात. पैसे जमणार असतील तर ते कशाला जाणार हेही त्यांच्यासमोरच ठरवा, आम्ही दरवर्षी ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या गरजू मुलांना रंग आणि कागद देतो.

प्रदर्शन शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्येच करा, मोठी गॅलरी नंतर बघता येईल. गुरुपौर्णिमेचा मोह होतो पण ती ऐन पावसाळ्यात येते, कागदाला दमट हवा वाईट, डिसेंबर-जानेवारी बरा, बाहेरगावची मुलंही सुट्टीला आलेली असतात. जुने वॉटर कलर भिंतीवर टाचण्या मारून लावू नका, फ्रेम नसेल तर चांगली प्रिंट लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा, लहान मुलं येणार असतील तर थोडं खाली. चित्राखाली ज्याच्या घरचं आहे त्याच्या दोन ओळी, की हे माझ्याकडे कसं आलं.

दाराशी एक टेबल ठेवा, त्यावर अभिप्रायाची वही असू दे, पण शेजारी ड्रॉइंग शीटचे तुकडे आणि पेन्सिली पण ठेवा आणि लिहून ठेवा, सर काढा, आठवतील तसे. आमच्याकडे दोन दिवसांत एकशे चाळीस कागद जमले. बहुतेकांनी सरांचा चेहरा काढलाच नाही, कुणी खडूनं पांढरी झालेली बाही काढली, कुणी कॅरिअरला बोर्ड बांधलेली सायकल, आणि शिपाईकाकांनी, ज्यांनी आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं, त्यांनी पाण्याचा मग काढला ज्यात ब्रश उलटे उभे आहेत. त्या मगाच्या तोंडाला कोपरे आलेत, आम्ही ते तसेच ठेवले.