दातांच्या कामाची धास्ती असेल तर भूल कशी मागाल

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगून टाका, "मला फार भीती वाटते." मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवते. आधी कळलं तर अशा पेशंटला सकाळची पहिली वेळ देते, म्हणजे बाहेर बसून ड्रिलचा आवाज ऐकत बसावं लागत नाही.

बहुतेकांचं काम हिरडी बधिर करणाऱ्या इंजेक्शनवर भागतं, फक्त ते नीट दिलेलं हवं. हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल लावायची, एक-दोन मिनिटं थांबायचं, मग लिग्नोकेन हे भुलीचं औषध सावकाश सोडायचं. सुईपेक्षा घाईने ढकललेलं औषधच जास्त दुखतं. खालच्या दाढेसाठी सुई मागे, जबड्याच्या नसेजवळ जाते. पाचेक मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ जाड, सुजल्यासारखा लागला पाहिजे. लागला नाही तर "अजून सुरू करू नका" म्हणा, भीड नको. औषधात बहुधा भूल जास्त वेळ टिकवणारं अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याने थोडा वेळ छाती धडधडू शकते. बीपी, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या, सगळं आधीच सांगा. दाढेत पू झाला असेल तर तिथे भूल नीट चढत नाही, म्हणून कधी आधी पू काढून पुढची तारीख देतो. त्याला टाळाटाळ समजू नका.

आणि या इंजेक्शनला जेवून या! संकष्टीचा उपास, त्यात धसका. मग खुर्चीतच चक्कर येते.

एवढं करूनही हातपाय कापत असतील किंवा आरसा तोंडात गेला की उमासा येत असेल, तर लाफिंग गॅसचं विचारा. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये तो स्वतःची दाढ काढवून घेऊन आजमावला होता. नाकावर मास्क, गॅसबरोबर ऑक्सिजन. तुम्ही जागे असता, बोलता, फक्त भीती सैल पडते. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. सर्दीने नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही. गरोदरपण किंवा बी-१२ची कमतरता असेल तर आधी बोला. शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच असते.

पुढची पायरी गुंगी आणणारी गोळी किंवा शिरेतून दिलेलं औषध. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यायची, आजीच्या डब्यातली झोपेची नव्हे. शिरेतून देणार असतील तर दोन गोष्टी विचारा: भूलतज्ज्ञ हजर असतील का, आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे करू नका. गुंगी आली तरी दाढ बधिर होत नाही, ते इंजेक्शन लागतंच. फक्त टोचलेलं फारसं आठवत नाही.

गुंगीच्या या भुलेला मात्र उपाशीपोटी. साधारण सहा तास खाणं बंद, दोन तास पाणीही बंद. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. "चहाच तर घेतला" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. सोबत मोठं माणूस हवं, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही.

साध्या इंजेक्शननंतरही ओठ दोनचार तास बधिर राहतो. तोवर गरम चहा नको, आणि लहान मुलांवर लक्ष ठेवा. गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो टम्म सुजतो.