पुठ्ठा-मेणाची डबाचूल पातेलं ठेवताच विझते? माझा अनुभव

डबाचूल म्हणजे पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी बसवून वर मेण ओतलेली छोटी चूल. लक्षण: चूल पेटते, तडतडते, पातेलं ठेवलं की विझते. किनाऱ्यावर हे फार होतं. मेण बदललं, कापसाची वात घातली, मेण जास्त ओतलं. काहीच फरक नाही. वैताग आला.

कारण पुठ्ठ्यात होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो ओल धरतो, आणि ओला पुठ्ठा मेण पीत नाही.

लागू पडलेला क्रम असा. ४ सेंमी उंच, रुंद डबा घ्या. नालीदार पुठ्ठ्याच्या डब्याच्या उंचीएवढ्या रुंद पट्ट्या नाल्यांना आडव्या कापा, म्हणजे गुंडाळल्यावर भोकं वर दिसतात. पट्ट्या मंद तव्यावर कडक होईपर्यंत वाळवा, गरम असतानाच गुंडाळून डब्यात घट्ट बसवा. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. हळूहळू ओता, मुरू द्या, पुन्हा ओता. वर ३ मिमी पुठ्ठा उघडा राहिलाच पाहिजे, तीच वात.

पातेलं जांभ्याच्या तीन तुकड्यांवर, ज्वालेला हवा मिळेल इतकं उंच. समुद्राकडून आडोसा, दुसरी बाजू मोकळी.

चूल उघड्यावरच पेटवा. विझवायला पत्र्याचं झाकण. पाणी ओतलं तर पेटतं मेण अंगावर उडतं.