गावाला जाताना फ्लिप फोन न्यायचा की स्मार्टफोन? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात बाबा एकटेच कणकवलीला निघाले, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या. वय 76, स्मार्टफोनवर बोट कुठेतरी भलतीकडेच लागतं आणि फोन कट होतो, म्हणून मी आदल्या दिवशी गोखले रोडवरनं एक फ्लिप फोन, म्हणजे झाकणाचा साधा फोन, आणला, त्यांचं सिम काढून त्यात घातलं, एकदा रिंग वाजवून बघितली आणि झालं काम म्हटलं. सकाळी साडेनऊ झाले तरी फोन नाही. मीच लावला, तर बाबा म्हणाले, "अरे यात कुणाचंच नाव नाही, काकाला कळवू कसं? मी स्टेशनवरच बसून आहे." काका गाडी घेऊन बाहेर उभा राहायचा ठरलं होतं आणि तो भलत्या बाजूला थांबला होता. शंभर पावलांवर दोघं, आणि दीड तास चुकामूक.

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती माझी आहे. सिम घातलं की नावं आपोआप येतात असं आपल्याला जुन्या सवयीने वाटतं, पण आता नावं सिमवर नसतातच, ती फोनमध्ये नाहीतर गूगल अकाउंटला असतात. स्मार्टफोनच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन हवी तेवढी नावं सिमवर कॉपी करा, साधारण अडीचशे मावतात. नाहीतर सरळ बसून पंधरा नंबर हाताने टाका, मी आता तेच करतो. 2 दाबून धरलं की काका, 3 ला मी, 4 ला ताई, असं स्पीड डायल लावलंय आणि तेच आकडे एका कागदावर लिहून बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलेत.

दुसरी चूक दुकानातच होते. साधा फोन म्हणजे कुठलंही सिम चालेल असं नाही. जिओचं नेटवर्क 4जी-5जीचं आहे, त्यांच्याकडे 2जी नाहीच, त्यामुळे स्वस्तातल्या 2जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर नेटवर्कच येत नाही आणि लोक समजतात फोन खराब निघाला. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर 2जी फोन अजून चालतो. माझं म्हणणं, थोडे पैसे जास्त जाऊ देत पण डब्यावर 4जी आणि व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4जीवरूनच कॉल लागायची सोय) लिहिलेलं बघूनच घ्या. आणि जिओभारतसारखा फोन घेत असाल तर तो फक्त जिओच्याच सिमवर चालतो, गावाकडे दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर तिथे तुम्ही अडकलात.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी चाललेत त्यांनी तर हा फ्लिप फोन न्यायच्या आधी दहादा विचार करा. तिकडे 2जी-3जी जवळपास गेलंय आणि आपल्याकडच्या 4जी साध्या फोनमधले बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरी, वेगळे असतात, म्हणजे फोन चालू दिसेल पण तिकडची रेंज मिळणं कठीण. सिंगापूरने तर 2जी 2017 मध्येच बंद केलं. परदेशात स्मार्टफोनच न्या. आणि देशातल्या देशात काश्मीर-लडाखला जाताय तर आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, मग फोन साधा असो की महागातला.

सिमच्या साइजचं पण बघा. स्मार्टफोनचं नॅनो सिम, साध्या फोनची जागा बऱ्याचदा मोठी, मग लोक तसंच सरकवतात आणि ते आत अडकून बसतं. दहा-वीस रुपयांचा अडॅप्टर मिळतो. चार्जरही वेगळा असू शकतो, घरात सगळ्यांचे टाइप सी आणि याला जुनी बारीक पिन, प्रवासात कोणाकडे मागून मिळत नाही. वायर फोनला रबरबँडने बांधूनच द्या.

आता पैसे आणि तिकीट, इथे खूप गोंधळ होतो. बाबांचं सिम मी काढलं तशी त्यांच्या स्मार्टफोनवरची बँकेची ॲप पण अडली, कारण अशी बरीच ॲप तेच सिम त्याच फोनमध्ये आहे का हे तपासतात. साध्या फोनवरून पैसे पाठवता येतच नाहीत असं मात्र नाही, 2022 पासून साध्या फोनसाठीच यूपीआय 123पे आहे, नेटशिवाय *99# डायल करूनही पैसे जातात, फक्त क्यूआर स्कॅन होणार नाही, समोरच्याचा नंबर टाकावा लागतो, आणि बँकेला जोडलेला नंबर त्याच फोनमध्ये हवा. हे घरी एकदा दहा रुपये पाठवून करून बघा, तिथे भाजीवाल्यासमोर पहिल्यांदा करू नका. खिशात रोख ठेवाच.

रेल्वेच्या रिझर्व्हेशनला आयआरसीटीसीचा एसएमएस आणि ओरिजिनल ओळखपत्र पुरतं, तो मेसेज साध्या फोनवर असला तरी चालतं. पण तिकीट तुमच्या नंबरवरून काढलं तर मेसेज तुमच्याकडे येणार, तो पुढे पाठवायला विसरू नका. एसटीला 75 च्या वर वय असलेल्यांना प्रवास फुकट आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो, तो फक्त डिजिलॉकरमध्ये असेल आणि स्मार्टफोन घरी राहिला तर पूर्ण तिकीट काढावं लागेल. खरं कार्ड पाकिटात पाहिजे.

उलटी चूकही तितकीच मोठी आहे हां. सगळंच एका स्मार्टफोनवर, तिकीट, पैसे, हॉटेलचा पत्ता, मॅप, आणि रात्री गाडीत चार्जिंग नाही कारण रेल्वे डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवते. त्यात रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, तिथे रेंज कसली. मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवला तर जीपीएस नेटशिवायही चालतो, हे कितीतरी जणांना माहीतच नाही.

मला विचाराल तर ओळखीची वाट आणि वयस्कर माणूस असेल तर 4जी फ्लिप फोन उत्तम, झाकण लावलं की फोन कट, चार्जिंग आमच्याकडे तीन दिवस पुरतं. अनोळखी शहरात एकटं फिरायचं असेल, ओला-उबर लागणार असेल, तर स्मार्टफोनशिवाय हाल होतील. घरचे चौघं निघालात तर एक स्मार्टफोन आणि एक साधा, आणि दोघांत वेगवेगळ्या कंपनीचं सिम.

निघायच्या आधी एक काम दोन्ही फोनवर करा. *#06# दाबा, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर येतो, तो घरी लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार करून सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर फोन ब्लॉक करायला तोच लागतो. डब्यावर पण छापलेला असतो. बाबांच्या फ्लिपचा डबा आई रद्दीत टाकत होती, मी काढून कपाटात ठेवलाय.