‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणण्याआधी: एकच मागणे चिकाटीने कसे मागावे

घरच्या प्रार्थनेत बऱ्याच ठिकाणी एक सवय ऐकू येते. कुणी आजारी असले की ‘प्रभू, त्याला बरे कर’ म्हणून होते न होते तोच ‘पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शेपूट लागते. ऐकायला नम्र वाटते. पण बहुतेक वेळा ती पळवाट असते, मागितलेले मिळाले नाही तर तोंडघशी पडायला नको म्हणून आधीच करून ठेवलेली सोय. मीही वर्षानुवर्षे हेच करत आलो, म्हणून ठामपणे सांगतो.

येशूनेही क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत मागणे आणि समर्पण एकाच दमात उच्चारले, हे खरे. पण तो तिथे थांबला नाही. मत्तयाचा २६ वा अध्याय सावकाश वाचा. तो पालथा पडून प्रार्थना करतो, उठून झोपलेल्या शिष्यांकडे येतो आणि पुन्हा जातो. असे तीनदा. नुसते शरणच जायचे असते तर एकदा म्हणून उठला असता. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या प्रार्थनेत फरक आहे. ३९ व्या वचनात ‘शक्य असेल तर हा प्याला टळो’ असे आहे; प्याला म्हणजे समोर आलेले दुःख. ४२ व्या वचनात ‘मी प्यायल्यावाचून तो टळणार नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे आहे. मागता मागताच मागणे बदलत गेले. खालच्या पायऱ्या त्या क्रमानेच लावल्या आहेत.

१. मागणे एका वाक्यात लिहा.

वीस विषयांची यादी घेऊन बसलात तर प्रार्थनेची हजेरी होते. एकच निवडा. ‘घरात शांती नांदो’ हे फार ढोबळ झाले. ‘थोरल्या भावाशी बोलणे पुन्हा सुरू व्हावे’ हे मागणे. मार्क १० मधल्या बार्तीमय भिकाऱ्याचे अंधत्व सगळ्यांना दिसत होते, तरी येशूने त्याला विचारलेच की मी तुझ्यासाठी काय करावे. उत्तर त्याच्याच तोंडून यायला हवे होते. साधी वही घ्या, वर तारीख घाला, खाली ते वाक्य लिहा.

२. जागा आणि वेळ ठरवा.

‘आपल्या खोलीत जा’ असे मत्तय ६:६ मध्ये आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द धान्यधुन्य ठेवायच्या कोठीलाही वापरतात, हे मला फार आवडते. वन-आरके घरात राहणाऱ्याला निराळी खोली कुठली? ओट्यासमोर उभे राहून, चहाचे आधण ठेवायच्या आधी, दहा मिनिटे पुरतात. मोबाईल तेवढा दूर ठेवा.

३. मागा, आणि तक्रारही करा.

सुरुवातीचे काही दिवस समर्पणाचे वाक्य मुद्दाम मागे ठेवा. स्तोत्र १३ साचा म्हणून वापरा. अवघी सहा वचने. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत सरळ मागणे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारायची घाई करू नका.

देवाला त्रास होईल, ही भीतीही नको. लूक ११ मध्ये मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राचा दाखला आहे. मराठीत आपण ‘आग्रह’ वाचतो, पण मूळ शब्दाला निलाजरेपणाची छटा आहे. लूक १८ मधल्या दाखल्यात एका अन्यायी न्यायाधीशाला, सारखी दारी येणारी विधवा आपल्याला हैराण करील अशी भीती वाटते; तिथले ग्रीक क्रियापद डोळ्याखाली ठोसा हाणण्याचे आहे! येशू देवाला त्या न्यायाधीशासारखा म्हणत नाही, असला माणूसही ऐकतो तर बाप किती ऐकेल, एवढेच सांगतो. आणि ती न्याय मागत होती. म्हणून घरात मार खाणाऱ्या बाईला कुणी ‘देवाची इच्छा म्हणून सोस’ असे सांगत असेल, तर तो या अध्यायाच्या उलट बोलतो आहे. तिने मदत मागावी, घराबाहेर पडावे, तक्रार नोंदवावी, आणि प्रार्थनाही करावी.

४. तेच शब्द पुन्हा आले तर येऊ द्या.

मत्तय ६:७ मधली ताकीद व्यर्थ बडबडीबद्दल आहे, पुनरुक्तीबद्दल नाही. बागेत येशूही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलला.

५. आठवड्यातून एकदा वही उघडा.

ही पायरी मी आजीकडून उचलली. किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली लाल कापडी बांधणीची तिची वही होती. पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘धाकट्याची दारू सुटो’ असे लिहिलेले. पुढची कितीतरी पाने तेच. मग कधीतरी ‘धाकटा रात्री धड घरी पोचो’. त्याच्याही बऱ्याच पुढे, अक्षर थरथरायला लागल्यावर, ‘त्याला जेवायला वाढताना माझा हात आपटू नये’. काकांची दारू दोनदा सुटली, दोनदा लागली. आजीने ते मागणे सोडले नव्हते. तिसऱ्या वाक्याखाली पहिले वाक्य बारीक अक्षरात असायचेच. पण ताट आपटल्याचा आवाज बंद झाला होता, हे मी ऐकले आहे.

दर शनिवारी आपले वाक्य मोठ्याने वाचा. अजून तेच मागावेसे वाटते का? नसेल तर खोडू नका, खाली नवे लिहा. दोन्ही दिसू देत.

६. हातपाय चालू ठेवा.

यरुशलेमेची भिंत पडलेली आहे ही बातमी पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजासमोर तो बोलला निसान महिन्यात. मध्ये सुमारे चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने विचारले तेव्हा त्याच्याकडे तयारी होती: किती मुदत लागेल, कुणाकुणाला पत्रे हवीत, लाकूड कुठून मिळेल. नोकरीसाठी प्रार्थना करता तर अर्ज भरा. बरे वाटावे म्हणता तर गोळ्या वेळेवर घ्या.

७. मग सोडून द्या.

हे कधी करायचे याचा दिवस ठरवता येत नाही. मागणे मनापासून मागून झाले, तक्रार संपत आली, की तळवे उघडे ठेवून बसा आणि स्वतःच्या भाषेत सांगा: ‘हे मला हवे आहे. नाही मिळाले तरी मी तुझाच.’ दुसऱ्या दिवशी मूठ पुन्हा आवळलेली आढळेल. पुन्हा उघडा.

८. उत्तर ‘नाही’ आले तर.

प्रेषित पौलाने शरीरातला ‘काटा’, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे ऐकू आले. त्याचा विश्वास कमी पडला असे कुणी म्हणत नाही, मग मंडळीतल्या आजाऱ्याला तरी का म्हणावे?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावले. सत्तरेक जणी पुढे आल्या, महिन्यागणिक वाढत गेल्या, आणि त्याच वर्षी तिथे मोठे आत्मिक जागरण झाले. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. पुढचा भार तीच वाहील असे धरून सगळे चालले होते. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या काळातही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी हातातून टाकले नव्हते.

शब्दच सुचत नाहीत असे दिवस येतील. तेव्हा वहीतले वाक्य मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला फोनवर वाचून दाखवा आणि ‘आठवडाभर माझ्या वाटचे तुम्ही मागा’ असे सांगा.